मुरणारी वाइन ओळखायला शिकताना: ऑस्ट्रियातील पांढऱ्या वाइनच्या अभ्यासाचा अनुभव

ऑस्ट्रियात डॅन्यूबकाठच्या क्रेम्स गावी मी शिकायला गेले. तिथल्या पहिल्याच आठवड्यात चाखणीच्या तासाला आमच्यापुढे सहा पेले ठेवलेले होते आणि मी वहीत प्रत्येक पेल्यासमोर फळांची नावे लिहीत चालले होते: हिरवे सफरचंद, लिंबू, पीच, पपनस. शिक्षिका मागून आल्या, त्यांनी वहीवर नजर टाकली आणि चौथ्या पेल्याकडे बोट दाखवून एवढेच विचारले, की ही वाइन थुंकून टाकल्यावर तिची चव तोंडात किती सेकंद राहिली. मी मोजलेच नव्हते. त्यानंतरच्या काही वर्षांत मी जे शिकले त्यातले बहुतेक सारे त्या प्रश्नाच्या पोटात होते, असे आज वाटते. फळांची नावे वाइन आज कशी आहे एवढेच सांगतात. ती दहा वर्षांनी कशी असेल हे मात्र आम्लता, अंगातला भरीवपणा आणि मागे रेंगाळणारी चव या तीन गोष्टींवरून कळते. ऑस्ट्रियाच्या पांढऱ्या वाइनकडे वळू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी सुरुवातीपासूनच या तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे, म्हणून हे लिहीत आहे.

मी निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागेत वाढले. आमची बाग खाण्याच्या द्राक्षांची, थॉमसनची. एप्रिलची आणि ऑक्टोबरची छाटणी, घडांची विरळणी, रिफ्रॅक्टोमीटरवर ब्रिक्स, म्हणजे रसातली साखर, पाहून काढणीचा दिवस ठरवणे, हे सगळे घरात रोज कानावर पडत असे. वाइनच्या द्राक्षांत साखरेबरोबर आम्लताही सांभाळावी लागते, हे मला ऑस्ट्रियात गेल्यावर खऱ्या अर्थाने समजले. तिथे रसातली साखर क्लोस्टरनॉयबुर्ग मोजपट्टीवर, म्हणजे केएमडब्ल्यूमध्ये मोजतात. १८६० साली क्लोस्टरनॉयबुर्ग येथे स्थापन झालेल्या द्राक्षविद्येच्या शाळेत आउगुस्ट विल्हेल्म फॉन बाबो यांनी पुढच्याच वर्षी हे मापक तयार केले. त्यावरचा एक अंश म्हणजे वजनाने साधारण एक टक्का साखर, त्यामुळे ब्रिक्सची सवय असलेल्या आपल्याकडच्या मुलांना ते जड जात नाही.

शिकण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. क्रेम्सच्या आयएमसी या उपयोजित विज्ञान विद्यापीठात वाइन व्यवसायाचा इंग्रजी माध्यमातला पदवी अभ्यासक्रम आहे. आणि ज्यांना पदवी नको, चाखण्याचे पद्धतशीर शिक्षण हवे, त्यांच्यासाठी नॉयझीडल सरोवराकाठच्या रुस्ट गावी १९९१ पासून ऑस्ट्रियन वाइन अकादमी आहे, जिथे डब्ल्यूएसईटी या लंडनच्या वाइन-शिक्षण संस्थेच्या पायऱ्या डिप्लोमापर्यंत चढता येतात. वर्गातले इंग्रजी पुरते, पण तळघरात काम करायचे असेल तर जर्मन शिकून जावे, आणि तिथली बोली पुस्तकातल्या जर्मनपेक्षा बरीच वेगळी असते याची तयारी ठेवावी. तळघरातल्या एका वाक्याचा अर्थ लागायला पहिले दोन महिने मला जेवढा वेळ लागत असे, तेवढा वेळ पुढे कुठल्याही वाइनला लागला नाही.

आता जमिनीकडे येते, कारण पेल्यातली आम्लता तिथूनच सुरू होते. मेल्क आणि क्रेम्स या दोन गावांमधला डॅन्यूब नदीचा सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा म्हणजे वाखाउ. २००० साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. नदीवर उतरणाऱ्या कडेलोट उतारांवर चुना-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या आहेत, आणि त्यांवर वेली. पूर्वेकडून हंगेरीच्या बाजूच्या पॅनोनियाच्या मैदानातली उबदार हवा खोऱ्यात शिरते, तर वायव्येकडच्या जंगलपठारावरून रात्री थंड हवा खाली उतरते. दिवसा साखर चढते, रात्री आम्लता टिकते. नाशिकच्या बागेत वाइनच्या द्राक्षांची काढणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, तीही थंडीतल्या गार रात्रींचा लाभ घेण्यासाठीच. पण तिकडे हा फरक शरद ऋतूभर चालतो आणि उत्तम उतारांवरची द्राक्षे कधी कधी नोव्हेंबरपर्यंत वेलीवर राहतात. वाखाउच्या कोरड्या पायऱ्यांवर ठिबकच्या नळ्या पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा मला घरच्या बागेची फार आठवण आली होती.

माती दोन प्रकारची लक्षात ठेवावी. वरच्या उतारांवर नीस नावाचा पुरातन रूपांतरित खडक आहे, माती जेमतेम. तिथे रीसलिंग ही पांढऱ्या द्राक्षाची जात लावतात, कारण ती कमी पाण्यावर तग धरते. खाली आणि क्रेम्सच्या पूर्वेला वाऱ्याने आणून टाकलेली पिवळसर भुसभुशीत लोएस माती आहे, ओल धरून ठेवणारी. ती ग्र्यूनर फेल्टलिनर या पांढऱ्या द्राक्षाला मानवते. ही दुसरी जात ऑस्ट्रियाची मुख्य जात आहे, देशातल्या एकूण द्राक्षक्षेत्राचा जवळजवळ तिसरा हिस्सा तिचाच. शेजारच्या काम्पटाल खोऱ्यातल्या हाइलिगेनश्टाइन टेकडीचा खडक वेगळा, पर्मियन काळातला वाळूचा दगड आणि त्यात ज्वालामुखीचे अंश. तिथली रीसलिंग मला वाखाउच्या रीसलिंगपेक्षा अधिक ताठ आणि खनिज चवीची वाटते.

बाटलीवरची चिठ्ठी वाचता आली की अर्धे काम होते. वाखाउमधल्या उत्पादकांनी १९८३ साली विनेआ वाखाउ ही संघटना स्थापन केली आणि साखर न घालता केलेल्या कोरड्या, म्हणजे गोडी न उरलेल्या, वाइनसाठी तीन नावे रूढ केली. श्टाइनफेडर म्हणजे उतारावर उगवणारे पिसासारखे गवत. ही वाइन हलकी, अल्कोहोल ११.५ टक्क्यांपर्यंत. फेडरश्पील हे ससाण्याच्या शिकारीतून आलेले नाव, अल्कोहोल ११.५ ते १२.५ टक्के. स्माराग्ड म्हणजे उन्हात दगडी बांधांवर पहुडणारा पाचूच्या रंगाचा सरडा. ही वाइन सर्वांत पिकलेल्या घडांची, किमान १२.५ टक्क्यांची. क्रेम्सटाल, काम्पटाल आणि वाइनफिअर्टेल या भागांत हीच नावे चालत नाहीत, तिथे मोठ्या वाइनवर ‘रिझर्व’ असे लिहिलेले असते. एकाच उतारावरच्या द्राक्षांची वाइन असेल तर २०१६ पासून उताराच्या नावाआधी ‘रीड’ हा शब्द यावा लागतो. आखलाइटन, केलरबेर्ग, सिंगररीडल, लॉइबेनबेर्ग ही वाखाउतली काही थोर उतारांची नावे आहेत. आणि बाटलीच्या तोंडावर लाल-पांढरी-लाल पट्टी पाहावी, ती दर्जेदार गटातल्या वाइनची खूण आहे. १९८५ मध्ये काही व्यापाऱ्यांनी वाइनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळल्याचे उघड झाले, निर्यात कोसळली आणि त्याच वर्षी देशाने अतिशय कडक कायदा केला. आजही दर्जेदार गटातली प्रत्येक वाइन प्रयोगशाळेत तपासली जाते, नंतर अधिकृत चाखणाऱ्यांच्या मंडळापुढे जाते, आणि मगच तिला सरकारी तपासणी क्रमांक मिळतो. चाखण्याच्या कौशल्याला कायद्यातच स्थान आहे, हे मला या व्यवसायात शिरताना फार मोलाचे वाटले.

चाखण्याची रीत सांगते. पेला वरच्या बाजूला निमुळता असावा आणि तिसऱ्या भागाहून जास्त भरू नये. वाइन फार थंड असू नये. फ्रिजमधून काढल्या काढल्या ओतली तर सुगंध दबतो आणि आम्लता टोचते. हलक्या वाइनला ८ ते १० अंश, स्माराग्डला १२ अंशांच्या आसपास, मुरलेल्या बाटलीला त्याहूनही थोडे अधिक तापमान ठीक. शेजारी पिकदाणी हवीच. वाइन थुंकणे म्हणजे अपमान नव्हे. दिवसाला तीस-चाळीस पेले चाखताना जीभ आणि डोके शाबूत ठेवण्याचा तो एकमेव उपाय आहे, आणि ज्यांच्या घरी दारूला हात लावत नाहीत अशा विद्यार्थ्यांनाही त्यामुळे हा अभ्यास संयमाने करता येतो.

ग्र्यूनर फेल्टलिनरमध्ये मिऱ्याचा वास शोधावा असे सगळे सांगतात. तो वास रोटंडोन नावाच्या द्रव्याचा आहे, जे काळ्या मिऱ्यातही असते, आणि द्राक्षाच्या सालीत थंड वर्षी ते जास्त तयार होते. साधारण पाचातल्या एका माणसाला हे द्रव्य वासाने ओळखताच येत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीला ते कधीच आले नाही आणि तिने वर्षभर स्वतःला दोष दिला, जो अगदी अनाठायी होता. ती आम्लतेच्या आणि कडवटपणाच्या आधारे तीच वाइन आमच्यापेक्षा अचूक ओळखत असे. मिऱ्याइतकाच भरवशाचा खुणेचा दगड म्हणजे या जातीत शेवटी जिभेच्या कडेला जाणवणारा किंचित कडसर, पालेभाजीच्या देठासारखा तुरटपणा.

आम्लता मोजण्यासाठी वाइन थुंकून झाल्यावर मान खाली घालून बसावे आणि लाळ किती वेगाने सुटते ते पाहावे. कैरी चावल्यावर जबड्याच्या मागच्या बाजूला जी शिरशिरी येते तीच इथेही शोधायची. मग भरीवपणा: वाइन पाण्यासारखी घसरून जाते, की ताकासारखी अंगाने जाणवते? अल्कोहोलचा जळजळीत उबदारपणा आणि हा भरीवपणा यांत नवशिक्यांची गल्लत होते, माझीही बरेच दिवस होत असे. घशात ऊब जाणवली तर ते अल्कोहोल, जिभेच्या मध्यावर वजन जाणवले तर तो भरीवपणा. आणि शेवटी सेकंद. चांगल्या फेडरश्पीलची चव दहा-बारा सेकंद टिकते, मोठ्या उताराची स्माराग्ड अर्धा मिनिट सहज ओलांडते. हे आकडे माझ्या वहीतले आहेत, नियम म्हणून नव्हे तर हाताशी धरायला माप म्हणून घ्यावेत.

आता मुरण्याविषयी. लोणचे मुरते तेव्हा मीठ आणि आंबटपणा त्याला राखतात आणि वेळ चवी एकमेकींत मिसळतो. पांढऱ्या वाइनमध्येही राखण करणारी मुख्य गोष्ट आम्लताच आहे. वाइन जितकी आम्ल, तितका तिच्यात घातलेला थोडासा सल्फर डायऑक्साइड अधिक परिणामकारक ठरतो, आणि ऑक्सिजनमुळे होणारे नुकसान लांबते. तरुण वाइनचा केळ्या-पेअरसारखा सुगंध आंबवण्याच्या काळात तयार झालेल्या एस्टर नावाच्या गंधद्रव्यांचा असतो; ते वर्ष-दोन वर्षांत विघटित होतात. त्यांच्या जागी द्राक्षात साखरेला बांधलेली गंधद्रव्ये हळूहळू मोकळी होतात. रीसलिंगमध्ये याच ओघात टीडीएन नावाचे द्रव्य वाढते आणि रॉकेलसारखा वास येऊ लागतो. पहिल्यांदा तो येतो तेव्हा बाटली बिघडली असे वाटते, पण मर्यादेत असला तर तो मुरलेपणाचा भाग आहे. ग्र्यूनर फेल्टलिनर वेगळ्या वाटेने जाते. तिच्यात मध, भाजलेल्या बदामाचा खरपूसपणा, वाळलेले जर्दाळू, तंबाखूचे सुके पान असे वास येतात, आणि मिरे मागे जाते.

हे मी प्रथम नीट पाहिले ते एका लहान कुटुंबाच्या तळघरात, नोव्हेंबरातल्या एका संध्याकाळी. काढणी संपली होती, आमच्या बोटांना अजून द्राक्षरसाचा काळपट डाग होता. मालकांनी एकाच उताराच्या दोन बाटल्या उघडल्या, एक दोन वर्षांची आणि एक २०१० ची. ते वर्ष थंड होते, पीक कमी आले आणि आम्लता इतकी चढी होती की तेव्हा ती वाइन पिताना लोक तोंड वाकडे करत, असे त्यांनी सांगितले. जुन्या बाटलीचे बूच खालच्या बाजूने ओलसर होते, पण कडेने द्रव वर चढलेला नव्हता. ही पहिली चांगली खूण. नव्या वाइनचा रंग लिंबाच्या फोडीसारखा हिरवट, जुनीचा वाळलेल्या गवतासारखा सोनेरी, तरी लख्ख. पहिल्या पाच मिनिटांत जुन्या वाइनला काहीच वास नव्हता. पंधरा मिनिटांनी मध आला, अर्ध्या तासाने मेणाचा आणि सुक्या संत्र्याच्या सालीचा वास, आणि तोंडात घेतल्यावर ती चढी आम्लता तशीच होती, पण आता तिच्याभोवती काहीतरी गोलाई आली होती. मी तेव्हा सेकंद मोजले: चाळिसाच्या पुढे मला मोजणे सोडून द्यावे लागले.

म्हणून प्रत्येक वाइन ठेवून द्यावी असे नाही. श्टाइनफेडर आणि वाइनफिअर्टेलची साधी मिरेदार फेल्टलिनर वर्ष-दोन वर्षांत प्यावी, तिचे सौंदर्य ताजेपणातच आहे. फेडरश्पील चार-पाच वर्षे चांगली राहते. स्माराग्ड आणि रिझर्व दहा वर्षे आणि पुढे जातात, खडकाळ उतारावरची रीसलिंग वीस वर्षेही. वर्षाचा विचार करावा: २०१८ फार उष्ण होते आणि काढणी लवकर झाली, तर २०१३, २०१९ आणि २०२१ या वर्षांत पिकलेपणा आणि आम्लता यांचा तोल चांगला आहे. फेल्टलिनर मुरू शकत नाही असा समज बराच काळ होता. २००२ मध्ये लंडनला झालेल्या बाटल्यांची नावे झाकून घेतलेल्या एका चाखणीत ती फ्रान्समधल्या बर्गंडीच्या आणि इतर देशांच्या, शार्डोने या पांढऱ्या द्राक्षाच्या नामांकित वाइनशेजारी ठेवली गेली, वरच्या क्रमांकांत ऑस्ट्रियाच्या बाटल्या मोठ्या संख्येने आल्या, आणि तो समज तिथून ढासळला.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर बरे झाले असते. मोठी पांढरी वाइन बाटलीत भरल्यावर पहिले वर्ष छान बोलते आणि मग दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मिटून जाते. वास जवळजवळ नाही, तोंडात फक्त आम्लता आणि कडवटपणा. त्या काळात तिच्यावर निकाल देऊ नये. मिटलेली आणि बिघडलेली यांतला फरक असा, की मिटलेली वाइन नाकाला काहीच देत नाही पण तोंडात ताठ आणि लांब असते. बुचाच्या दोषाने बिघडलेलीला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतो आणि चव मध्येच तुटते. ऑक्सिजनने बिघडलेलीला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येतो आणि रंग तपकिरीकडे झुकतो.

साठवणीची चूक मी स्वतः केली. पहिल्या वर्षाच्या पगारातून घेतलेल्या बाटल्या भाड्याच्या खोलीत पलंगाखाली ठेवल्या होत्या, आणि पलंगामागेच भिंतीवर हीटर होता. हिवाळाभर तो चालू राहिला. वसंतात उघडलेल्या पहिल्या बाटलीतून शिजवलेल्या सफरचंदाचा वास आला, उरलेल्याही तशाच निघाल्या. वाइनला १० ते १४ अंशांचे स्थिर तापमान लागते, अंधार लागतो, आणि बूच असेल तर ती आडवी आणि ७० टक्क्यांच्या आसपासच्या दमट हवेत राहावी लागते. ऑस्ट्रियात फिरकीचे झाकण सर्रास वापरतात, अगदी महागड्या वाइनलाही. त्यातली वाइन सावकाश मुरते आणि बुचाच्या दोषाचा प्रश्न राहत नाही. निफाडला एप्रिलात स्वयंपाकघर ३८ अंशांवर जाते, तेव्हा घरी पाठवलेली बाटली तापमान राखणाऱ्या कपाटाशिवाय एक उन्हाळाही निभावणार नाही.

डिप्लोमाच्या मोठ्या परीक्षेत बारा वाइन झाकून चाखाव्या लागतात, आणि मुरण्याची क्षमता आहे का, आहे तर कशामुळे, हे कारणासह लिहावे लागते. नुसते ‘आहे’ लिहिण्याला गुण नाहीत. आम्लता, भरीवपणा आणि चवीची लांबी यांचा पुरावा द्यावा लागतो. ते पाठ करून येत नाही. त्यासाठी मला उपयोगी पडलेली सर्वांत स्वस्त गोष्ट म्हणजे एकाच वाइनच्या सहा बाटल्या घेणे आणि ठरावीक अंतराने एक उघडून तारखेसह नोंद करणे. सहा वेगवेगळ्या वाइनच्या सहा बाटल्यांपेक्षा यातून कितीतरी अधिक कळते.

माझ्याकडे २०१९ ची एका खडकाळ उताराची रीसलिंग स्माराग्ड आहे, हीटरच्या प्रकारानंतर मित्राच्या तळघरात ठेवलेली. नोव्हेंबर २०२० ची नोंद: पीच, लिंबाची साल, टोचणारी आम्लता, २२ सेकंद. ऑक्टोबर २०२२: वास नाही, तोंडात दगड आणि कडवटपणा, ३० सेकंद. मार्च २०२४: जर्दाळू परतले, रॉकेलची अगदी पुसट रेघ, आम्लता तीच पण आता चवीच्या आत बसलेली, ३५ सेकंद. तीन बाटल्या उरल्या आहेत, पुढची २०२७ च्या काढणीनंतर उघडेन.